आमची वाटचाल : तगरच्या बाजारातून तेरच्या संग्रहालयात

धाराशिवमध्ये आमचं काम सुरू झालं ते लग्नाच्या व्हिडिओंवर. पुढे ड्रोन आला, मग ३६० अंशांचा कॅमेरा आणि त्यातून व्हीआर, म्हणजे डोळ्यांवर चष्मा चढवला की आपण त्या जागीच उभे आहोत असं वाटायला लावणारं तंत्र. घर आजही लग्नसराईवरच चालतं, पण आमचा जीव आहे तो तेरच्या कामावर.

धाराशिव जिल्ह्यातलं तेर म्हणजे सातवाहनांच्या काळातलं तगर. इथून साधं कापड आणि मलमल गाड्या भरभरून गुजरातमधल्या भडोच बंदराला जाई, अशी नोंद पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक मार्गदर्शिकेत आहे. गावच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी जिवापाड जपून गोळा केलेल्या वस्तू आज तिथल्या शासकीय संग्रहालयात आहेत. त्यातली हस्तिदंती स्त्रीमूर्ती बघाच. तिच्याशी नातं सांगणारी मूर्ती १९३८ मध्ये थेट इटलीत, पॉम्पेईच्या राखेखाली सापडली! पण काचेपुढे उभ्या राहिलेल्या पोराला हे सांगणार कोण?

म्हणून आम्ही तगरचा बाजार उभा केला. चष्मा लावला की समोर कापडाचे गठ्ठे, बैलगाड्या, मणी ओवणारा कारागीर. जिल्हा परिषदेच्या शाळेत एका मुलीच्या दोन वेण्यांवरून पट्टा नीट बसवून दिला, तर तिने पहिल्यांदा हात पुढे केला तो गाडीच्या चाकाला. मग कारागिराच्या ओट्यावरची मूर्ती दिसली आणि तिने विचारलं, “सर, खरी केवढी आहे?”

हा प्रश्न जवळपास प्रत्येक वर्गात येतो. चष्म्यात वस्तूच्या आकाराचा नेमका अंदाज येत नाही. त्याचं उत्तर आम्ही देत नाही. तेरला जाऊन बघा म्हणतो.

एका संस्थाचालकांनी मोठं काम देऊ केलं होतं. अख्खं संग्रहालयच चष्म्यात बसवा, सहलीचा खर्च वाचेल, म्हणाले. पैशांची निकड होती, तरी नाही म्हटलं. दालनन् दालन वर्गातच बघून झालं तर बसमध्ये चढायची ओढ उरेल कशाला? व्हीआरने दाखवावं ते संग्रहालयाला दाखवता येत नाही तेवढंच: वस्तूभोवतीचं गाव, माणसं, रस्ता. वस्तू मात्र तिथेच जाऊन बघावी.

आता शाळेशी बोलणी करताना आधी सहलीची तारीख विचारतो. आमचा खेळ तिच्या आदल्या आठवड्यात ठेवला की मुलं प्रश्न घेऊनच तेरला उतरतात, असं शिक्षक सांगतात. सध्या भडोचचं बंदर उभं करतोय.