शंकरपटाचं लाइव्ह: जुन्या सॉफ्टवेअरवरून नव्यावर येतानाचा माझा अनुभव

मागच्या वर्षीच्या शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, फायनलची जोडी सुटली आणि माझ्या स्क्रीनच्या कोपऱ्यातला हिरवा चौकोन लाल झाला. ड्रॉप्ड फ्रेम्सचा, म्हणजे पुढे न पोचलेल्या चित्रांचा, आकडा भराभर चढला. जोडी रेषेवर पोचेपर्यंत लाइव्ह अडकलेलंच होतं. पहिला फोन पुण्याहून आला, आमच्याच गावच्या पोराचा. "भाऊ, लाइव्ह गेलं ना! आमचीच जोडी दिसली नाई." त्याच्या वडिलांनी ते बैल गोऱ्हे होते तेव्हापासून जपलेले. मला काय उत्तर द्यावं सुचेना.

यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, सप्ताह, कबड्डी आणि पट, एवढ्यावर घर चालतं. पटाचं काम मध्ये बरीच वर्षं नव्हतंच. 2014 मध्ये सुप्रीम कोर्टाने शर्यतींवर बंदी घातली, डिसेंबर 2021 मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि मे 2023 मध्ये घटनापीठाने शर्यतींना परवानगी देणारा राज्याचा कायदा कायम केला. पट परत आले तोवर गावातली अर्धी पोरं पुण्या-नागपूरला कामाला लागली होती. त्यांना पट मोबाइलवरच दिसतो, म्हणून लाइव्ह तुटणं मला फार लागतं.

माझ्याकडे विंडोज 7 चा कॉम्प्युटर होता, त्यात कॅमेऱ्याचं चित्र आत घेणारी दोन कॅप्चर कार्डं, जीटीएक्स 750 टीआय हे ग्राफिक्स कार्ड आणि लाइव्ह करायचं फुकट सॉफ्टवेअर ओबीएस, व्हर्जन 27.2.4. ओबीएसचं विंडोज 7 वर चालणारं हे शेवटचं व्हर्जन. 2022 मध्ये 28 आलं आणि विंडोज 7, 8 दोन्ही सुटले. मी तिथेच थांबलो, कारण सगळं बसलेलं होतं. कॅप्चर कार्डाचे ड्रायव्हर पुढच्या विंडोजसाठी निघालेच नाहीत, सीन बांधलेले होते, बोटांना शॉर्टकट पाठ होते.

ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते काका व्हीएचएसच्या काळापासून या धंद्यात आहेत. त्यांना विचारलं तर म्हणाले, "चालून राह्यलं तं कायले हात लावतं? अन् लावाचाच असंन तं पोळ्याच्या टायमाले लाव. सीझनमंदी नाई." या दुसऱ्या वाक्याने माझं मोठं नुकसान वाचवलं. दिवाळीनंतर लग्नं, मग पट, मग पुन्हा लग्नं. श्रावण-भादव्यातच आम्हाला मोकळीक असते.

नवं काही घेण्याआधी एक खात्री करायची होती. दोष सॉफ्टवेअरचा की नेटचा? पटाच्या सकाळी रिकाम्या मैदानावर मी स्पीड तपासला होता, अपलोड 7 एमबीपीएस. त्या भरवशावर बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला पाठवायचा डेटा, 4500 केबीपीएस (साडेचार एमबीपीएस) ठेवला. पण दुपारी हजारो माणसं आली आणि प्रत्येकाच्या खिशातला मोबाइल त्याच टॉवरला लागला. म्हणून यंदा मी आठवडी बाजाराच्या दिवशी, ऐन गर्दीत, भाजीच्या ओळीत उभं राहून दर पंधरा मिनिटांनी अपलोड मोजला. तीनच्या वर एकदाही गेला नाही. लाइव्ह करणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे, रिकाम्या मैदानावरचा स्पीड धरू नका.

म्हणजे मला अडीच एमबीपीएसमध्ये चित्र बसवायचं होतं. आणि पटाचं चित्र अवघड. एच.264 या व्हिडिओ दाबून पाठवायच्या जुन्या पद्धतीत एका फ्रेमपासून दुसऱ्या फ्रेममध्ये जे बदलतं त्यालाच डेटा जास्त लागतो. धुळीचा लोट उठला की पूर्ण चित्रच बदलत राहतं, मग बिटरेट कमी पडतो आणि धुळीच्या जागी चौकोन चौकोन दिसतात. त्यात बैलांचे पाय विरघळून जातात. एचईव्हीसी ही त्यापुढची पद्धत तेवढ्याच डेटात जास्त स्वच्छ चित्र देते, आणि 2023 च्या ओबीएस 29.1 पासून ते चित्र आरटीएमपी या लाइव्हच्या नेहमीच्या वाटेनेच यूट्यूबला पाठवता येतं. पण 750 टीआयला एचईव्हीसी एन्कोडिंग येतच नाही आणि विंडोज 7 वर 29.1 चढत नाही. जुन्या कॉम्प्युटरची वाट इथे संपली.

व्हीमिक्स हे लाइव्हचं विकतचं सॉफ्टवेअरही वापरून पाहिलं. साठ दिवसांची ट्रायल पूर्ण चालते, त्यामुळे घाई नव्हती. खरं सांगतो, हाताला ते फार छान लागतं. पण मला रिप्ले हवा होता आणि तो 350 डॉलरच्या एचडी लायसन्समध्ये नाही, 700 डॉलरच्या 4के मध्ये आहे. तेवढ्यात माझं नवं कार्ड आणि रॅम येत होती. ओबीएसमध्ये मागचे काही सेकंद साठवून ठेवणारा रिप्ले बफर आहे, आणि सोबत मिळणारी इन्स्टंट रिप्लेची स्क्रिप्ट जोडली की एका बटणावर मागचे दहा सेकंद पडद्यावर येतात. म्हणून नव्या कॉम्प्युटरवर विंडोज 11, जीटीएक्स 1650 आणि नवं ओबीएस, असं ठरवलं.

जुने सीन आयात झाले, पण 28 पासून ओबीएस आतून बदलल्यामुळे माझे दोन जुने प्लगइन, म्हणजे वरून जोडलेले छोटे प्रोग्राम, लोड होईनात. त्यांची नवी व्हर्जनं शोधून बसवली. सगळ्यात जास्त वेळ मराठी नावांनी खाल्ला. जोड्यांची, धुरकऱ्यांची (जोडी हाकणाऱ्यांची), गावांची नावं मी श्रीलिपीत, म्हणजे युनिकोडच्या आधीच्या मराठी फाँटमध्ये, टाइप करून फोटोशॉपमधून चित्रं बनवत असे. पटाच्या दिवशी ऐनवेळी जोडी बदलली की नाव कोरं. ती जुनी यादी युनिकोडमध्ये चिकटवली तर नुसती चिन्हं उमटली. आठ दिवस संध्याकाळी पुतण्याला बसवून पुन्हा टाइप करून घेतली. आता तो नोटपॅडमध्ये नाव लिहितो, फाइल यूटीएफ-8 मध्ये सेव्ह करतो आणि ओबीएस त्या फाइलमधून वाचतं. "जवळा" लिहिलं की दुसऱ्या क्षणी पट्टीवर "जवळा". वेलांट्या, जोडाक्षरं सगळी जागच्या जागी.

चाचणी सप्ताहात केली. कॅमेऱ्याचा एकच एचडीएमआय स्प्लिटरने दोन्ही कॉम्प्युटरना दिला, दोन्हीकडे बिटरेट 2500. काल्याच्या कीर्तनात दोन्ही चित्रं जवळपास सारखी दिसली. बुवा एका जागी उभे, मागे स्थिर पडदा, फरक कसा कळणार? मला वाटलं खर्च उगाच केला. मग सोयाबीन काढणीत चुलतभावाच्या थ्रेशरसमोर कॅमेरा लावला. भुशाचा झोत उडाला आणि जुन्यावर मजुराचा चेहरा चौकोनांत गेला. नव्यावर त्याच्या डोक्यावरच्या दुपट्ट्याची किनार मोजता आली. ती रात्र मी शांत झोपलो.

जुना कॉम्प्युटर फेकला नाही. त्याची कॅप्चर कार्डं दुसरीकडे चालत नाहीत, म्हणून तो पट भरवणाऱ्या मंडळासाठी रेकॉर्डिंग करतो, इंटरनेटला न जोडता. ते काम तो आजही चोख करतो.

यंदाच्या पटाला काका मंडपात माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसले. दुपारी दोनला गर्दी शिगेला, अपलोड 2.9, चौकोन हिरवा. चार वाजता एका जोडीवरून वाद झाला: सेन्सर घड्याळाची वायर कुणाच्या तरी पायात अडकली होती आणि वेळ धरावी की नाही यावर दोन गावं समोरासमोर. पंच थेट मंडपात आले. "भाऊ, दाखव बरं."

नवा कॉम्प्युटर सेकंदाला 60 फ्रेमवर चालतो म्हणून दाखवता आलं. जोडी सेकंदाला बारा मीटर पळते असं धरलं, तर 30 फ्रेममध्ये दोन चित्रांच्या मधले 40 सेंटीमीटर निसटतात, 60 मध्ये 20. मी क्लिप उघडून एकेक फ्रेम पुढे नेली. डाव्या बैलाचं नाक रेषेवर, वायर अजून ताठ. पुढच्या फ्रेमला वायर सैल. पंच स्क्रीनला नाक लावून उभे होते. "अजून एकडाव मागं घे," म्हणाले. मी घेतली. काकांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. मग पंच बाहेर गेले आणि माइकवर वेळ जाहीर केली.