चार एफटीपी युजर, एक सामायिक फोल्डर: माझा अनुभव

आमच्या दिवाळी अंकाचं काम चौघं करतो: संपादक, मुद्रितशोधक, चित्रकार आणि मांडणी व सर्व्हर सांभाळणारा मी. चौघांची गावं चार. फायली एका डेबियन (लिनक्स) सर्व्हरवर असतात आणि तिथे एफटीपीचा, म्हणजे नेटवरून फायली चढवण्या-उतरवण्याच्या सोयीचा, सगळ्यांचा मिळून एकच लॉगिन होता. तपासलेल्या लेखावर जुनी प्रत चढली, तरी ती कोणी चढवली हे लॉग पाहून कळायचं नाही. म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र युजर द्यायचा, पण फोल्डर सामायिकच ठेवायचं असं ठरवलं.

‘777 देऊन टाक’ असा सल्ला मिळाला, पण तो मी मानला नाही. परवानगीचे तीन आकडे अनुक्रमे मालक, ग्रुप आणि इतरांचे हक्क सांगतात; 7 म्हणजे सगळे हक्क, 0 म्हणजे काहीच नाही. सर्व्हरवरच्या कुठल्याही प्रोसेसला आमचे लेख पुसता यावेत, हे मला पटणारं नव्हतं.

एक ग्रुप केला आणि चौघांना त्यात घातलं. युजरमॉड ही युजरचे ग्रुप बदलणारी कमांड वापरताना मोठ्या जीसोबत लहान ए (-aG) द्यायलाच हवा. नाहीतर त्या युजरचे बाकीचे जोडग्रुप निघून जातात. फोल्डर त्या ग्रुपच्या नावे करून परवानगी 2770 ठेवली. सुरुवातीचा जादा 2 म्हणजे सेटजीआयडी ही खूण. त्यामुळे आत तयार होणारी फाइल, टाकणाऱ्याच्या स्वतःच्या ग्रुपची न होता फोल्डरच्या ग्रुपची होते. आतल्या नव्या फोल्डरांनाही तोच गुण लागतो.

तरी चित्रकाराने टाकलेलं मुखपृष्ठ मला उतरवता येईना, 550 ही नकाराची एरर यायची. पाहिलं तर ग्रुप बरोबर होता, पण परवानगी 600, म्हणजे फक्त मालकालाच. कारण व्हीएसएफटीपीडी या आमच्या एफटीपी सर्व्हर प्रोग्रामचा लोकल युमास्क (नव्या फायलींतून कोणते हक्क वगळायचे ते सांगणारा आकडा) कॉन्फिगमध्ये दिला नसेल तर 077 धरला जातो आणि ग्रुपचे सगळे हक्क काढून घेतो. फोल्डर कितीही मोकळं ठेवा, फाइल जन्मतःच बंद! युमास्क 002 करून सेवा रीस्टार्ट केली, मग नव्या फायली 664 ने, म्हणजे ग्रुपलाही वाचता-लिहिता येतील अशा, येऊ लागल्या. आधीच्या फायलींची परवानगी मात्र हातानेच बदलावी लागते. मला विचाराल तर या साऱ्या कामाचा जीव युमास्कच्या या एका ओळीत आहे.

पुढचा पेच सीएचरूटचा, म्हणजे युजरला एकाच फोल्डरात बंदिस्त ठेवण्याचा. प्रत्येक युजर आपल्या होम फोल्डरात कोंडलेला आणि सामायिक फोल्डर बाहेर. सिमलिंक (दुसऱ्या फोल्डराकडे नेणारा दुवा) दिली तर ती यादीत दिसते, पण उघडत नाही, कारण त्या युजरसाठी होमपलीकडे काही नसतंच. इथे बाइंड माउंटच लागतो, म्हणजे तेच फोल्डर दुसऱ्या जागीही जोडणं. प्रत्येकाच्या होममध्ये एक रिकामं फोल्डर करून त्यावर सामायिक फोल्डर माउंट केलं आणि रीबूटनंतरही टिकावं म्हणून एफएसटॅबमध्ये (सुरू होताना काय माउंट करायचं त्या यादीच्या फाइलीत) नोंद केली. होममध्येच लिहिता येत असेल, तर व्हीएसएफटीपीडी 2.3.5 पासून लॉगिनच नाकारतो. ती अट उठवणारी सेटिंग नंतर आली, पण मी होमचीच लिहिण्याची परवानगी काढली. तिथे कोणाला काही ठेवायचंच नव्हतं.

एफटीपीवर पासवर्ड उघडा जातो, म्हणून टीएलएस (जोडणी सांकेतिक करणारी सोय) सक्तीचं केलं.

छपाईला जाणाऱ्या पीडीएफसाठी वेगळं फोल्डर केलं: मालकी माझी, परवानगी 2750. बाकीच्या तिघांना त्या फायली पाहता येतात, उतरवता येतात. पुसता येत नाहीत. पण 664 ने आलेली फाइल ग्रुपला बदलता येते, म्हणून तिथल्या फायलींची परवानगी 640 करायला हवी, तरच त्या बदलताही येत नाहीत.