पासवर्ड काकांचा नव्हताच

मे महिन्यातली दुपार होती. सीताबर्डीतल्या आमच्या लॅपटॉप-दुरुस्तीच्या दुकानात कूलरच्या टाकीत दुसऱ्यांदा पाणी भरून मी जरा टेकले होते, तेवढ्यात एक काका जिना चढून वर आले. डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला आणि लॅपटॉपची बॅग छातीशी धरलेली.

"बेटा, हा पासवर्ड मागून राहिला. आणि मी तर सुरू करायला पासवर्ड कधी ठेवलाच नाही."

सोबत घडी घातलेला एक कागद होता. रात्रभर बसून त्यांनी आठवतील ते सगळे पासवर्ड टाकून पाहिले होते आणि एकेक खोडत गेले होते. बावीस ओळी होत्या.

'पासवर्ड मागतो' हे आम्ही दिवसातून चारदा ऐकतो, पण कुलूप नेमकं कुठलं ते पडदा बघितल्याशिवाय कळत नाही. लॅपटॉप सुरू होताच, कंपनीच्या लोगोपाशीच अडवलं तर तो बायोसचा, म्हणजे विंडोजच्याही आधी जागं होणाऱ्या मशीनमधल्या प्रोग्रॅमचा पासवर्ड. आपलं नाव दाखवून विचारलं तर तो विंडोजच्या खात्याचा. काकांच्या लॅपटॉपवर विंडोज ७ होतं. ते नीट चालू व्हायला लागलं, आणि नाव दिसायच्या आधीच मधोमध एक छोटी राखाडी चौकट आली. तिच्यावर लिहिलं होतं, 'स्टार्टअप पासवर्ड'.

ती चौकट पाहून माझ्या पोटात गोळा आला.

"काका, दोन-चार दिवसांत कुणाशी फोनवर बोलणं झालं का, लॅपटॉपबद्दल?"

"नाही, नाही. कोणाशीच नाही." उत्तर फार लवकर आलं.

मी त्यांना माठातलं पाणी दिलं आणि सांगितलं, की हे कुलूप आपोआप लागत नाही. विंडोजमध्ये सिसकी नावाची एक सोय होती. ती १९९७ मध्ये विंडोज एनटीच्या काळात आली. खात्यांचे पासवर्ड मशीनमध्ये ज्या फाइलीत असतात, ती फाइल चोराला वाचता येऊ नये म्हणून तिच्यावर आणखी एक कुलूप. घरच्या लॅपटॉपवर ते मुद्दाम लावणारा माणूस मला इतक्या वर्षांत भेटलेला नाही. खोटे हेल्पलाइनवाले मात्र ते सर्रास लावायचे, कारण दोन-चार क्लिकमध्ये अख्खं मशीन अडतं. शेवटी मायक्रोसॉफ्टनं २०१७ च्या विंडोज १० मधून ही सोयच काढून टाकली. जुन्या विंडोज ७ मध्ये ती अजून तशीच आहे.

"म्हणजे हा पासवर्ड तुमचा नाहीच, काका. तुम्ही कितीही आठवलं तरी तो आठवणार नाही. दुसऱ्या कुणीतरी लावलाय."

काका बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग सगळं बाहेर आलं. मंगळवारी प्रिंटर चालेना, म्हणून त्यांनी इंटरनेटवर कंपनीचा नंबर शोधला. समोरचा माणूस फार अदबीनं बोलला. त्याच्या सांगण्यावरून यांनी एक सॉफ्टवेअर उतरवलं, आणि पडद्यावरचा बाण आपोआप फिरू लागला. तो म्हणाला, लॅपटॉपमध्ये व्हायरस आहे, १,४९९ रुपये भरा. यांनी त्याच्यादेखत लॅपटॉपवरच नेटबँकिंग उघडून भरले. मग त्यानं आणखी आठ हजार मागितले. काका "मुलाला विचारतो" म्हणाले, तसं त्यानं काहीतरी खटखट केलं, लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला आणि म्हणाला, "अब बिना पैसे के नहीं खुलेगा."

"पुण्याच्या मुलानं मला दहादा सांगितलं होतं न, असे फोन असतात म्हणून. त्याला काय तोंड दाखवू?"

तो दिवस गुरुवार होता. दोन दिवस या संकोचात गेले होते, आणि लॅपटॉपपेक्षा मला त्याचीच धास्ती जास्त वाटली. नेटबँकिंग त्या माणसाच्या डोळ्यांसमोर उघडलं होतं. मी लॅपटॉप बाजूला सारला. आधी बँकेला फोन करून नेटबँकिंग बंद करायला लावलं, मग १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावली. काकांनी सगळं स्वतः सांगितलं. आवाज कापत होता, पण तारीख, वेळ, रक्कम सगळं बिनचूक. खात्यातून आणखी काही गेलं नव्हतं. १,४९९ रुपये हे लिहीपर्यंत परत आलेले नाहीत.

लॅपटॉपमध्ये त्यांच्या फ्लॅट स्कीमचा अकरा वर्षांचा हिशेब होता. काका खजिनदार, रविवारी आमसभा, आणि दुसरी प्रत कुठेच नाही. "लोक म्हणतील पैसे खाल्ले अन् लॅपटॉपचं निमित्त केलं," एवढंच ते म्हणाले.

इथे एक गोष्ट आमच्या बाजूची होती. सिसकीचं कुलूप खात्यांच्या पासवर्डांवर असतं, आपल्या फाइलींना ते हात लावत नाही. विंडोजऐवजी लिनक्स ही दुसरी प्रणाली असलेल्या पेनड्राइव्हवरून लॅपटॉप चालू केला तर हार्ड डिस्क उघडी दिसते. तशी ती दिसली. आमसभेचं फोल्डर पडद्यावर आलं तेव्हा काका खुर्चीवरून उठून उभे राहिले. सगळा डेटा मी बाहेरच्या डिस्कवर घेतला, आणि हिशेबाच्या चार-पाच फाइली त्यांच्याच हातानं उघडून घेतल्या.

इथेच थांबून फॉरमॅट मारता, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्यानं टाकता आलं असतं. २०१६ मध्ये असाच एक लॅपटॉप माझ्याकडे आला होता आणि मी तेच केलं होतं. डेटा वाचला, पण त्या माणसाचं जुनं हिशेबाचं सॉफ्टवेअर गेलं. ते पुन्हा मिळण्याची सोय उरली नव्हती. ती चूक मला अजून सलते. काकांचंही हिशेबाचं सॉफ्टवेअर जुनंच, सीडी हरवलेली.

विंडोजच्या सगळ्या सेटिंगची नोंद रजिस्ट्रीत असते, सिसकीचं कुलूपही तिथेच. विंडोज ७ या रजिस्ट्रीची एक प्रत दर दहा दिवसांनी 'रेगबॅक' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतं. विंडोज १० च्या २०१८ पासूनच्या आवृत्त्यांमध्ये ही प्रत आपोआप ठेवली जात नाही. इथे प्रश्न एवढाच होता, की प्रत कुठल्या तारखेची आहे. मंगळवारनंतरची असली तर कुलूप तिच्यातही असणार. विंडोजला मागच्या तारखेच्या स्थितीत नेणारा रिस्टोअर पॉइंट तर एकही उरला नव्हता. मी फोल्डर उघडलं. सॅम, सिक्युरिटी, सिस्टम, सॉफ्टवेअर, डिफॉल्ट, पाचही फाइली होत्या आणि तारीख होती आदल्या शनिवारची. फाइली शून्य आकाराच्या नाहीत ना, हेही पाहून घेतलं.

कुलूप लागलेल्या पाच फाइली आणि त्या माणसानं उतरवायला लावलेल्या सॉफ्टवेअरच्या नोंदींची फाइल पेनड्राइव्हवर ठेवली, पोलिसांनी मागितली तर असावी म्हणून. मग शनिवारच्या पाच फाइली त्यांच्या जागी ठेवल्या आणि लॅपटॉप पुन्हा चालू केला. लोगो आला, गेला, आणि चौकट न येता थेट काकांचा डेस्कटॉप आला. मागे नातीचा फोटो होता.

तो लॅपटॉप तसाच वापरायला द्यायची माझी तयारी नव्हती. परका माणूस आत फिरून गेलेलं मशीन, त्यात विंडोज ७ ला जानेवारी २०२० पासून सुरक्षेचे अपडेट नाहीत. इंटरनेट तोडून ठेवलं. रविवारपर्यंत काकांनी त्यावर फक्त हिशेबाचे कागद छापायचे, सोमवारी परत आणायचा, मग नव्यानं सगळं बसवायचं, असं ठरवलं.

निघताना काकांनी तो बावीस ओळींचा कागद माझ्या टेबलावरच सोडला. "आता काय कामाचा."

मी तो उचलून परत त्यांच्या हातात दिला. त्यात बँकेचा, ईमेलचा, पेन्शनचा, काकूंच्या मोबाइलचा, सगळे खरे पासवर्ड होते. "काका, हा असा कुठेही ठेवू नका. आणि यातला एकेक बदला."

ते परत खुर्चीवर बसले, चष्मा पुसला, आणि खिशातून मोबाइल काढून आधी मुलाला फोन लावला.