वीस रुपयांचा थिंबल

मंगळवार, रात्री दहा

सोमवारच्या सुट्टीनंतर गॅरेजचे शटर उघडायला आज मला अर्धा तास उशीर झाला. मी पोहोचलो तेव्हा गारगोटीकडची एक पांढरी डिझेल गाडी दारात लागलेली होती आणि तिचे मालक छत्री धरून माझी वाट बघत होते. गाडी २०१४ ची, १२४८ सीसीच्या इंजिनाची, म्हणजे डोळे झाकून हात फिरवला तरी कुठला नट कुठे आहे ते मला सांगता येईल अशी. तक्रार मात्र विचित्र होती. सकाळी गाडी एका हाकेत चालू होते. तासभर चालवून कुठे थांबली की सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवणारी मोटर, नुसता ‘टक्’ करतो, मीटरवरचे दिवे मिणमिणतात, आणि पंधरा-वीस मिनिटे तशीच ठेवली की काही न करता पुन्हा चालू होते. लग्नाच्या मांडवापुढे दोनदा धक्का मारावा लागला, हे त्यांनी मला तीन वेळा सांगितले. मुख्य दुःख बहुधा तेच असावे.

याआधी ती गाडी दोन ठिकाणी जाऊन आलेली होती. एका ठिकाणी नवी बॅटरी बसवली होती, त्याचे वॉरंटी कार्ड त्यांनी खिशातून काढले. दुसऱ्या ठिकाणी स्कॅनर लावून क्रँक सेन्सर, म्हणजे इंजिनाचे फिरणे मोजणारा सेन्सर, बदलला होता, त्याचे रिकामे खोके डिकीत होते. दोन्ही मिळून ७,३०० रुपये. खोके आणि कार्ड त्यांनी जपून ठेवले होते, आणि ते दाखवताना त्यांचा राग गाडीवर होता, गॅरेजवाल्यांवर नव्हता. ही गोष्ट मला तेव्हा जाणवली नाही, संध्याकाळी जाणवली.

मीही आधी स्कॅनरच लावला. दोषांचे पाच-सहा कोड निघाले, आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. असे झाले की मी कोड बाजूला ठेवतो, कारण कोड म्हणजे गाडीने केलेली तक्रार असते, निदान नव्हे. सेल्फ मारताना विजेचा दाब पडला तर कंट्रोलरला समोरचा प्रत्येक सेन्सर खोटे बोलतो आहे असे वाटू शकते, आणि तो ज्याच्या त्याच्या नावाने एकेक तक्रार नोंदवत जातो. त्या यादीतले पहिले नाव उचलून तेवढा पार्ट बदलला की काम झाल्यासारखे दिसते.

दोष गरम झाल्यावरच दिसत होता, म्हणून उजळाईवाडीपर्यंत जाऊन आलो, गॅरेजात येऊन गाडी बंद केली आणि पुन्हा किल्ली फिरवली. ‘टक्.’ मग आयटीआयमधून आलेल्या आमच्या पोराला किल्लीवर बसवले आणि मल्टिमीटरच्या काड्या आधी बॅटरीच्या दोन टोकांना लावल्या. किल्ली फिरवताना ११.४ व्होल्ट. म्हणजे बॅटरी दमलेली नाही, ती द्यायला तयार आहे, पुढेच कोणी घेत नाही. मग एक काडी बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरी थेट इंजिनाच्या ब्लॉकला लावली. या दोन जागा तांब्याच्या जाड केबलने जोडलेल्या असतात, त्यामुळे त्यांच्यात फरक जवळपास नसावा. सेल्फ मारताना फार तर अर्धा व्होल्ट चालतो. इथे साडेतीन दाखवले. पोराच्या तोंडून ‘आयला’ निघाले, आणि मला बरे वाटले, कारण आकडा बघून ज्याला ‘आयला’ म्हणावेसे वाटते त्याला हे काम येऊ शकते.

बॅटरीचा ट्रे काढला, गाडी लोखंडी घोड्यांवर, म्हणजे स्टँडवर, चढवली. बॅटरीच्या ऋण टोकापासून गिअरबॉक्सवर येणारी अर्थची केबल वरून धडधाकट दिसत होती. तिचा बोल्ट खोलून थिंबल, म्हणजे केबलच्या टोकाची धातूची कडी, हातात घेतला तर आतल्या बाजूला मोरचुदासारखा हिरवट-निळा थर साचलेला होता, आणि थिंबल जरा वाकवल्यावर केबलच्या तारा कुरकुरीत पापडासारख्या तुटत गेल्या. शाबूत तारा मोजल्या तर जेमतेम दहा-बारा. थंड असताना तेवढ्यांवर सेल्फ कसाबसा फिरायचा, तापल्यावर विरोध वाढून सेल्फला पुरेसा प्रवाह पोहोचायचा नाही. केबल लांबीला पुरत होती, म्हणून खराब तुकडा कापला, चकाकणारे तांबे लागेपर्यंत मागे गेलो, नवा थिंबल दाबून बसवला, गिअरबॉक्सवरची बसायची जागा पॉलिश पेपरने घासली, वरून ग्रीसचा हात फिरवला. पुन्हा उजळाईवाडी, पुन्हा किल्ली. आता मीटरवर ०.२. एकूण अडीच तास गेले, आणि माल लागला वीस रुपयांचा थिंबल.

मी बिल केले ८७०. मालकांनी कागद उलटसुलट करून पाहिला.

“मिस्त्री, ह्यात काय बदललासा?”

“एक थिंबल.”

“आणि?”

“आणि काही नाही. खराब झालेला तुकडा काढला, साफ केलं, जोडलं.”

“मग वीस रुपयाच्या मालाला साडेआठशे मजुरी कसली ओ?”

शेवटी पाचशे दिले. माणूस वाईट नव्हता. जाताना पोराला चहाला म्हणून वीस रुपये वेगळे देऊन गेला. ज्यांनी गाडी दुरुस्त केली नाही त्यांना त्याने ७,३०० निमूटपणे मोजले होते, कारण त्या पैशांचे खोके हातात आले होते. माझ्या अडीच तासांचे खोके नव्हते.

बुधवार

पावसाने उसंत दिली नाही. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ३६ फुटांवर गेल्याची बातमी दुपारी आली. इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे आकडे कोल्हापुरात शाळेतल्या पोरालाही पाठ असतात. माझ्या गिऱ्हाइकांपैकी नदीकडच्या गल्ल्यांत राहणारी माणसे ३५ च्या पुढे काटा सरकला की फोन करू लागतात: गाडी कुठे लावू, पुलापलीकडे नेऊ का, चाकापर्यंत पाणी आले तर चालेल का. आज अकरा फोन झाले.

प्रत्येकाला मी एकच सांगतो, २०१९ पासून सांगत आलो आहे. पाणी लागलेल्या गाडीची किल्ली फिरवू नका. बॅटरीचे टोक काढा आणि टोचन करून आणा. त्या वर्षी ऑगस्टमध्ये महामार्ग शिरोलीजवळ कित्येक दिवस बंद होता, आणि पाणी ओसरल्यावर उद्यमनगरातल्या आम्हा सगळ्यांच्या दारात चिखलाने भरलेल्या गाड्यांची रांग लागली. त्यात दोन सारख्याच गाड्या एकाच गल्लीतून आल्या होत्या. एकीच्या मालकाने मला आधी फोन केला होता. तिचे तेल, फिल्टर आणि वायरिंगचे काही सॉकेट एवढ्यावर भागले. दुसरीच्या मालकाने “बघू तर” म्हणून सेल्फ मारला होता. हवा दाबली जाते, इंजिनात शिरलेले पाणी दाबले जात नाही. पिस्टन वर आला आणि कनेक्टिंग रॉड केळ्यासारखा वाकला. इंजिन पूर्ण उतरवावे लागले. तो रॉड अजून माझ्या बाकावर पडलेला आहे, नव्या पोरांना दाखवायला.

आजच्या अकरा फोनांचे मला काहीच मिळाले नाही, आणि मागावे असेही वाटले नाही. पण कालची गाडी डोक्यातून जात नसल्यामुळे मनात हिशेब चालूच राहिला. वाकलेल्या रॉडचे काम केले त्याचे पैसे मी मोजून घेतले होते. रॉड वाकू दिला नाही, त्याचे काय घ्यायचे असते?

गुरुवार, रात्री उशिरा

खरे लिहायचे तर त्या गारगोटीकरांना नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही. गिऱ्हाईक मजुरी बघून बिचकते, हे ओळखून आम्ही सगळेच, म्हणजे मीसुद्धा, इतकी वर्षे मजुरी पार्टमध्ये लपवत आलो आहोत. दुकानदार छापील किमतीवर मला दहा-पंधरा टक्के सोडतो, मी गिऱ्हाइकाला छापील किंमत लावतो, आणि ‘मजुरी’ या शब्दापुढे जीवाला लाज वाटेल एवढा छोटा आकडा घालतो. गिऱ्हाईक खूश, कारण माल ‘कंपनीचा’ आणि मजुरी ‘नुसती दोनशे’. या सवयीने लोकांना आम्हीच शिकवले की पैसे खोक्याचे असतात, डोक्याचे नसतात. आणि ज्या गॅरेजात पार्ट बदलला तरच चूल पेटते, तिथल्या माणसाचा हात पाना सोडून खोक्याकडे जाणारच. त्या क्रँक सेन्सरवाल्याला मी मूर्ख समजत होतो. आज वाटते, तोही कदाचित असाच अडलेला असेल.

गेल्या काही महिन्यांत हे लपवणेही अवघड झाले आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून पार्टवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, ते चांगलेच झाले, गिऱ्हाइकाला १,२८० चा पार्ट १,१८० ला मिळू लागला. पण पंधरा टक्क्यांच्या हिशेबाने माझे १९२ होते त्याचे १७७ झाले. पंधरा रुपयांचा फरक; एका पार्टला काही नाही, महिन्याच्या सगळ्या पार्टांना आहे. शिवाय आता प्रत्येकजण मोबाइलवर पार्टची किंमत काढून दाखवतो, आणि काही जण पार्ट स्वतः मागवून पिशवीतून घेऊन येतात, तेव्हा लपवायला जागाच उरत नाही.

मी ज्यांच्या हाताखाली शिकलो त्या वस्तादांची पद्धत वेगळी होती. मारुती ८०० आणि प्रीमियर पद्मिनीचे ते दिवस, कार्बोरेटर आणि सीबी पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी वीज जोडणारा-तोडणारा पार्ट, यांतच अर्धे दोष सापडायचे. वस्ताद बॉनेट उघडण्याआधी “बघायचे पाच रुपये” असे सांगायचे. सीबी पॉइंटमध्ये पॉलिश पेपरचा तुकडा सरकवून दोन मिनिटांत गाडी चालू केली तरी पाच, आणि दिवसभर शोधून सापडले नाही तरी पाचच. कोणी कुरकुर केली तर ते म्हणत, वैद्याने नाडी बघितली तर पैसे देतोस ना, का पुडी हातात पडेपर्यंत थांबतोस? आम्ही पोरे हसायचो. स्वतःचे गॅरेज काढल्यावर मी त्यांच्याकडून सगळे घेतले, ‘बघायचे पाच रुपये’ तेवढे सोडून दिले, कारण मला गिऱ्हाईक जोडायचे होते आणि ‘बघायला काय लागतंय’ हे वाक्य तोंडाला गोड होते.

शनिवार

वही घरी बायको बघते. उधारी कोणाची, दुकानदाराचे देणे किती, पोराचा पगार कधी, हे तिच्या अक्षरात असते. मी फक्त गाडीचा नंबर आणि काम लिहितो. काल रात्री तिने जून महिन्याची पाने माझ्यापुढे ठेवली आणि न बोलता एका शब्दावर बोट ठेवत गेली. ‘किरकोळ.’ हा शब्द मी ज्या कामाचे पैसे घेतले नाहीत त्यापुढे लिहितो. ‘आवाज, किरकोळ.’ ‘पिकअप नाही, होज निसटलेली, किरकोळ.’ ‘चेक लाइट, किरकोळ.’ तिने ते मोजले होते, ४१ निघाले. त्यातल्या प्रत्येकाला किती वेळ लागला असेल, असे तिने विचारले. मी सरासरी अर्धा तास म्हणालो. साडेवीस तास, ती म्हणाली, म्हणजे दोन पूर्ण दिवस तुम्ही शटर उघडून फुकट बसला होता.

फुकट बसलो नव्हतो, असे म्हणायला तोंड उघडले, आणि लक्षात आले की मी तिच्याशीच सहमत होतो आहे.

आज सकाळी पोराने एका पत्र्याच्या तुकड्यावर निळ्या रंगाने लिहिले: ‘तपासणी ३०० रु. काम इथे केल्यास मजुरीत वळते.’ ‘वळते’ शब्द त्याला कळला नाही, म्हणून ‘वजा’ करू का विचारत होता; मी ‘वळते’च ठेवायला सांगितले. फलक कंप्रेसरच्या वर लावला, जिथे आत येणाऱ्याची नजर पडते. बायकोने वहीत मजुरीच्या डाव्या बाजूला लाल रेघांनी नवा रकाना आखून दिला आहे.

पहिली गाडी आली ती पलीकडच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीवाल्या काकींची, पुढच्या डाव्या चाकातून कट्‌कट् आवाज येतो म्हणून. चाकामागचा सस्पेन्शनचा लिंक रॉड ढिला होता. नट आवळला, चौकाला एक फेरी मारली, आवाज बंद. काकी फलकाखालीच उभ्या होत्या. त्यांनी तो वाचला, माझ्याकडे पाहिले आणि पर्स उघडली. मी “राहू द्या” म्हणणार इतक्यात पोरगा खोकला. अगदी मुद्दाम.

मी दीडशे घेतले. लाल रकान्यात तेवढेच लिहिले आहे. उरलेल्या दीडशेचे काय, हे बायको उद्या विचारेल.