एकोणीस दिवस बाकी

आज अण्णांना घेऊन स्वारगेटहून एसटीने साताऱ्याला आलो. पंच्याहत्तर पूर्ण झालेल्यांना एसटी फुकट आहे हे माहितीच असेल, २०२२ पासून, आणि ६५ ते ७५ वयाला हाफ. कंडक्टरने अण्णांचं आधार कार्ड घेतलं, सालच बघितलं बहुतेक, आणि झिरोचं तिकीट काढायला लागला तर आमचे अण्णा म्हणतात, "अहो थांबा, अजून एकोणीस दिवस बाकी आहेत, हाफ द्या." मी कोपर मारलं हळूच, पण ऐकतील ते अण्णा कसले. कंडक्टर पण हसला, म्हणाला बाबा तुमच्यासारखी माणसं राहिली नाहीत आता.

आणि नेमका तेव्हाच साहेबांचा फोन. मी काय सांगितलं? "सर, वडिलांना दवाखान्यात घेऊन आलोय." बाजूला अण्णा शेंगदाणे खात बसलेले, ठणठणीत. फोन ठेवल्यावर एवढंच म्हणाले, "नरो वा कुंजरो वा?" म्हटलं अहो धर्मराजाने निदान एक हत्ती तरी मारलेला बघितला होता, माझ्याकडे तेवढाही पुरावा नाही. त्या एका वाक्याने त्याचा जमिनीपासून चार बोटं वर चालणारा रथ खाली टेकला म्हणे, माझा तर कधीपासून चिखलातच आहे 😅

उरलेले सुट्टे पैसे हातात दिले त्यांनी, वर सिंहाखाली बारीक अक्षरात सत्यमेव जयते. मुद्दाम तीच बाजू वर केली होती का विचारलं, तर खिडकीबाहेर बघत बसले.

साहेबांना उद्या काय सांगायचं ते अजून ठरत नाहीये.