एक इंचाला एक मैल

एप्रिलची दुपार, कूलरची घरघर, आणि जुनं कपाट आवरायचा उत्साह. तळच्या खणात साड्यांखाली एक जाड घडी लागली. उलगडली तर मेळघाट! सर्व्हे ऑफ इंडियाच्या ५५ जी या क्रमांकाच्या गटातल्या जुन्या शीट्स, एक इंचाला एक मैल. मामानं त्या जोडून मागं मांजरपाट चिकटवलं होतं. आवरणं तिथंच संपलं.

मामा परतवाड्याला फॉरेस्टात. सुटीत गेलो की रात्री गच्चीवर हा नकाशा पसरायचा, कोपऱ्यांवर चार पितळी पेले.

"मामा, सिपना नदी निळी अन् हा नाला काळा काहून?"

"निळ्यात पाणी हाय, काळा कोरडा. तहान लागली त निळ्याकडे चाल बाप्पा."

तपकिरी रेघा उंचीच्या, दर पन्नास फुटांना एक. त्या दाटल्या की कडा. वैराटच्या डोंगराजवळ आमची बोटं आपोआप हळू व्हायची. मामी खालून ओरडायची, "आधी जेवा, मंग चढा डोंगर!"

आम्हा नागपूरकरांना चढ म्हणजे सीताबर्डीची टेकडी, तेवढाच. पण झिरो माइलजवळच्या १९०७ च्या दगडावर उंची कोरलीय १०२०.१७१ फूट, दशांशासकट. या मोजणीचं वेड तसं जुनंच. १८०२ मध्ये मद्रासकडून मोजत निघालेला इंग्रज सर्व्हेअर लॅम्बटन नागपूरला यायला निघाला आणि १८२३ मध्ये नागपूरच्या अलीकडेच, हिंगणघाटला वारला. तिथंच त्याला पुरलंय.

मला मात्र उंचीपेक्षा बाजार आवडतात. मोठ्या गावाच्या नावाजवळ आठवडी बाजाराचा वार छापलेला असतो. मी वारावारानं बोट फिरवत जातो: सोमवारचं गाव, तिथून तुटक रेघेच्या पायवाटेनं नाला ओलांडून मंगळवारचं. मध्ये विहिरीचा बारका ठिपका दिसला की थांबायचंच. बायको म्हणते, तिकडून मिरच्या तरी आणा.

त्या दुपारी बोट कोहा, कुंड, बोरीवर गेलं. कोरकू आदिवासींची गावं. १९७४ मध्ये व्याघ्रप्रकल्प झाला, पुढे या गावांना उठवून खाली अकोटकडच्या सपाटीवर वसवलं. कागदावर ती अजून जागच्या जागी आहेत, घरांच्या चौकोनांसकट.

कोह्याहून अकोटला पायी किती वेळ लागायचा, ते काही नकाशात नाही. मामा सांगायचा; पण दर वेळी वेगळंच.