शिवकालीन पोशाख आणि सामानाच्या खरेदीसाठी कोल्हापुरात दोन दिवस

मागच्या जुलैत पन्हाळा ते पावनखिंड चाललो तेव्हा आमच्यातल्या चौघांनी ऑनलाइन मागवलेले मावळ्याचे ड्रेस घातले होते, चकचकीत सॅटिनचे. मसाई पठारावर पाऊस लागला आणि तासाभरात लाल शेल्याचा रंग उतरून सगळा अंगरखा गुलाबी झाला, कापड अंगाला चिकटलं, आणि काठी वर उचलली की बगलेत टरकन उसवायचं. जुलै १६६० च्या त्या रात्री शिवाजी महाराजांना घेऊन बांदलांची माणसं ज्या वाटेनं धावली तिथं आपण असे कपडे घालून चाललोय याचं मला मनापासून वाईट वाटलं. तेव्हाच ठरवलं की पुढच्या वेळी सगळं नीट जमवायचं. म्हणून यंदा मे महिन्यात मी आणि माझा मावसभाऊ दोन दिवस फक्त खरेदीसाठी कोल्हापूरला गेलो. आमच्यासारखी तयारी करणारे बरेच आहेत, त्यांच्यासाठी लिहितोय.

गाडी बिंदू चौकात लावा आणि पुढं पायीच फिरा, महाद्वार रोडला चारचाकी घालण्यात अर्थ नाही. पहिल्या दिवशी सकाळी आधी न्यू पॅलेसच्या म्युझियममध्ये जा असं मी आग्रहानं सांगेन. खरेदी नंतर. तिथल्या तलवारी, ढाली, भाले डोळ्यांत भरून घेतले की बाजारात कोणी काहीही दाखवलं तरी लगेच कळतं. मूठ बघा किती लहान असते! आपल्याला वाटतं ही लहान मुलाची, पण मूळ तलवारींच्या मुठी तशाच असतात, पंजा घट्ट बसतो म्हणून मनगट हवं तसं फिरतं. बाजारातल्या नकली तलवारीला ऐसपैस मूठ असते, ती बघूनच ओळखायची.

आता मुख्य गोष्ट. आम्ही आधी ड्रेपरीवाल्यांकडे गेलो, म्हणजे नाटकाला, गॅदरिंगला कपडे भाड्यानं देतात ते. माणसं चांगली आहेत, माल पण भरपूर, पण तो सगळा स्टेजवरून दिसायला केलेला असतो. मागे चेन, खांद्याला वेल्क्रो, जरीच्या जागी सोनेरी लेस. एका दिवसाच्या मिरवणुकीला ठीक आहे, पन्नासेक किलोमीटर चालायला नाही. खरं सामान आम्हाला कुठं मिळालं तर जे लोक ती वस्तू आजही वापरतात त्यांच्या दुकानात. घोंगडी, चप्पल, कापड, दोर, तांब्या. तिथं "शिवकालीन द्या" असं म्हणायची गरजच नाही, साधी आणि जाड द्या म्हटलं की झालं.

कापडाचं सांगतो. महाद्वार रोडला कापड दुकानात मांजरपाट आणि जाड सुती मागितलं, कोरं, न रंगवलेलं. मला बाराबंदीला, म्हणजे बंदांनी बांधायच्या अंगरख्याला, साडेतीन मीटर लागलं, पण पन्हा (कापडाची रुंदी) किती आहे ते विचारून घ्या, त्यावर सगळं अवलंबून. कापड घेतल्या घेतल्या रात्री लॉजवर बादलीत भिजवून वाळत टाकलं, कारण सुती कापड आटतं आणि शिवल्यावर आटलं तर बंद पुरत नाहीत. दुसऱ्या दिवशी शिवाजी पेठेत एका वयस्कर शिंप्याकडं गेलो. त्यांनी आधी विचारलं, "फोटूला पाहिजे का घालायला?" घालायला म्हटल्यावर त्यांनी स्वतःहून बगलेत कळी टाकतो म्हणाले. ही कळी म्हणजे बगलेत बसवलेला कापडाचा चौकोनी तुकडा, तो असला की हात डोक्यावर नेला तरी शिवण ताणत नाही. मागच्या वर्षी उसवलं ते ह्याच्यावाचून. बंद त्याच कापडाचे करायला सांगा, विकतची नाडी नको. खाली चोळणा, म्हणजे विजार, ती मांडीत ढगळ पाहिजे.

डोक्याला काय? आमच्यातल्या एकाला जिरेटोप घ्यायचा होता, मी त्याला स्पष्ट नाही म्हटलं. जिरेटोप महाराजांचा, आपण पायदळातले मावळे, आपल्याला मुंडासं. आणि महाराजांची त्या काळातली चित्रं, ॲमस्टरडॅमच्या राइक्स म्युझियममध्ये आहे ते बघा, त्यात त्यांच्या डोक्यालाही पगडीच दिसते. रेडीमेड शिवलेला फेटा घेऊ नका, आठ-नऊ मीटर सुती कापड घ्या आणि बांधायला शिका, पावसात सोडून पिळता येतो, अंग पुसता येतं, कोणी घसरून पडला तर झोळीपण होते.

चप्पल लाईन भवानी मंडपाजवळच आहे. तिथं मी जवळजवळ तीन तास होतो. कापशी बघितली, कुरुंदवाडी बघितली (हे चपलांचे प्रकार), शेवटी जाड तळाचं साधं पायताण घेतलं, १८०० ला पडलं. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं चामडं, वादीनं शिवलेलं, खिळा एकपण नाही. उलटं करून तळ बघा, पुठ्ठा घातलेला असेल तर कडेनं लगेच दिसतो, वाकवल्यावर चुरचुरतो. चप्पल बनवणाऱ्या काकांना सांगितलं की पन्हाळ्यावरून चालत जाणार आहे जुलैत, तर ते म्हणाले, "पावनं, चामडं हाय ते. चिखलात घालून गेलासा तर दोन दिवसांत फुगून बसंल. गडावर घाला, वाटंत पिशवीत ठेवा." त्यामुळं आमचं ठरलंय, गडावर आणि खिंडीत पायताण, मधल्या चिखलात सरळ ट्रेकिंगचे बूट, त्यात लाज वाटायचं काही कारण नाही. आणि आत्ता घेऊन महिनाभर घरात एरंडेल लावून वापरा, आदल्या दिवशी घेतली तर अंगठा सोलतो.

सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे घोंगडी. दख्खनी मेंढीच्या लोकरीची, खड्ड्यातल्या मागावर विणलेली, चिंचोक्याची खळ दिलेली. नवी असताना कडक आणि टोचरी लागते, वासही येतो, पण खोळ करून डोक्यावरून घेतली की पाऊस वरच्यावर ओघळतो. मऊ घोंगडी मिळाली तर खुश होऊ नका, त्यात बहुतेक सिंथेटिक धागा असतो. एक धागा ओढून काडी लावून बघा (आधी दुकानदाराला विचारून), लोकर असेल तर केस जळल्याचा वास येतो आणि राख चुरते, प्लास्टिक असेल तर गोळी होते.

पाणी आणि जेवणासाठी तांब्या आणि पितळी घेतली. तांब्या-पितळेच्या भांड्यात जेवायचं असेल तर कल्हई करूनच घ्या, ताक किंवा आंबट कालवण बिनकल्हईच्या भांड्यात कळकतं. कवड्याची माळ अंबाबाईच्या देवळाभोवती मिळते.

शस्त्रांबद्दल जपून. धार लावलेलं काही घेऊ नका. शस्त्र नियम २०१६ मध्ये ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार शस्त्रं वेगळी नोंदलेली आहेत, त्यामुळं बोथट असली तरी मिरवणुकीत न्यायच्या आधी पोलीस ठाण्यात विचारा, एसटीत नेताना गुंडाळून बांधा. तलवारीचं पातं मुठीत जुन्या पद्धतीनं लाखेनं बसवलेलं असेल तर उन्हात गाडीत ठेवू नका, लाख मऊ होते. मूठ कानाशी धरून हलवा, आत खुळखुळ आली तर परत ठेवा. दांडपट्टा मात्र दुकानात बघून घेऊच नका. २०२४ ला राज्यशस्त्र झाल्यापासून सगळ्यांना हवाय, पण लवचिक पातं शिकल्याशिवाय फिरवलं तर शेजारच्याला लागतं. कोल्हापुरात मर्दानी खेळ शिकवणारे वस्ताद आहेत, त्यांना भेटा, तेच सांगतील तुमच्या उंचीला काय चालेल. आम्ही गेलो तेव्हा संध्याकाळी पोरीपोरं लाठी फिरवत होती, वस्तादांनी आम्हाला एकच सांगितलं, ह्या वर्षी लाठी घ्या. म्हणून सहा जणांना सहा लाठ्या घेतल्या, भरीव बांबूच्या.

रात्री गंगावेशीत दूध कट्ट्यावर उभ्या उभ्या धारोष्ण दूध प्यायलो, दिवसभराची पायपीट तिथंच उतरली.

ढाल राहिली. चामड्याची, वर चार चांद (धातूच्या फुल्या) असलेली पाहिजे होती, पण मिळाल्या त्या सगळ्या पत्र्याच्या किंवा फायबरच्या. चप्पलवाल्या काकांना विचारलं, म्हशीचं जाड चामडं ओलं करून साच्यावर बसवून देता येईल का. ते म्हणाले, साचा तुम्ही आणा, मी बसवतो. लाकडाचा साचा आता सुताराकडं टाकलाय.